मुलांसह ब्रिटनचा आगगाडीचा प्रवास

विलायतेस जाणें ही गोष्ट आमच्या वडिलांच्या काळीं साऱ्या आळींत वर्षभर बोलली जात असे. आतां ती इतकी सामान्य झाली आहे कीं, शेजारचें कुटुंब पंधरा दिवस दिसलें नाहीं तर तें महाबळेश्वरीं गेलें असेल कीं लंडनास, याचा तर्क करावा लागतो. परंतु जाणें सोपें झालें एवढ्यानें कसें जावें हेंहि सर्वांस कळूं लागलें आहे, असें आम्हांस दिसत नाहीं. परत आलेल्या वडील मंडळींस 'काय पाहिलें?' म्हणून विचारावें, तर शहरांच्या नांवांची लांबच लांब माळ कानीं पडते. त्यांच्या मुलांस विचारावें, तर एक मोठें दुकान, एक उंच पाळणा आणि विमानांतील जेवण यांपलीकडे त्यांस फारसें कांहीं आठवत नाहीं. पस्तीस वर्षें मुलांच्या सहवासांत घालविल्यामुळें आम्ही खात्रीनें सांगूं शकतों कीं, हा दोष मुलांचा नव्हे. ज्या प्रवासाच्या आखणींत मुलांचा हात नसतो, तो प्रवास त्यांच्या स्मरणांत राहत नाहीं.

गेल्या मे महिन्यांत आम्हीं आपल्या तीन नातवांसह ब्रिटनमध्यें सतरा रात्रींचा प्रवास केला, आणि एका शहराहून दुसऱ्या शहरीं सर्वत्र आगगाडीनेंच गेलों. त्या प्रवासाची आखणी कशी केली व तशीच कां केली, हें येथें सांगावयाचें आहे. ज्या घरांत शाळेंत जाणारे मुलगे आहेत व असा कांहीं बेत शिजत आहे, त्यांस यांतील थोडेंबहुत उपयोगीं पडेल अशी आशा आहे.

प्रथम घरची स्थिति सांगितली पाहिजे. आमचे दोघेहि चिरंजीव आजवर आमच्याच जवळ, एका छपराखालीं, एका चुलीवर नांदत आले. थोरल्यांचे दोन मुलगे, वय वर्षें पंधरा व बारा; धाकट्यांचा एक, वय वर्षें आठ. तिघेहि सख्ख्या भावांप्रमाणें वाढले. परंतु हिंवाळ्यांत थोरल्या चिरंजिवांची बदली बंगळूरास ठरली, आणि जून महिन्यापासून त्यांचें बिऱ्हाड तिकडे जावयाचें निश्चित झालें. बदल्या होतात, घरें विभागतात. त्यांत नवल तें काय? तरी थोरला नातू त्या बातमीनंतर फार अबोल झाला. तो जेवणापुरता खालीं येई व पुन्हां मोबाईलमध्यें डोकें घालून बसे. ऑगस्टांत त्यास सोळा वर्षें पुरीं व्हावयाचीं होतीं. तिघांनीं मिळून कोठें जावयाचें असेल तर तें याच सुटींत, हें कोणी बोलून न दाखवितांहि सर्वांस समजलें. थोरल्या चिरंजिवांस व मोठ्या सूनबाईंस सामान हलविण्याची तयारी करावयाची होती. म्हणून आम्ही उभयतां, धाकटे चिरंजीव, धाकट्या सूनबाई व तीन मुलगे अशा सातजणांचा बेत ठरला.

ब्रिटनच कां, असें कोणी विचारील. धाकटे चिरंजीव कामानिमित्त तेथें दोन वर्षें राहून आले होते, हें एक कारण. दुसरें व महत्त्वाचें कारण असें कीं, मुलांच्या पाठ्यपुस्तकांतील आगगाडी जेथें जन्मली तो देश हाच, आणि तिच्या जन्माच्या जागा आजहि चालत्या मार्गावरच आहेत. अंतरें बेताचीं आहेत. खिडकींत बसून जातां जातां तीनशें वर्षांचा यंत्रयुगाचा इतिहास डोळ्यांखालून जातो. असा वर्ग कोणत्या शाळेंत भरणार?

आतां खर्चाचा विचार. ब्रिटनमध्यें पांच वर्षांखालील मूल आगगाडींत फुकट जातें, व पांच ते पंधरा वर्षांच्या मुलास साधारणतः अर्धें भाडें पडतें. यावर 'फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड' नांवाचें एक वार्षिक कार्ड मिळतें. तें परदेशच्या माणसासहि घेतां येतें. चारपर्यंत मोठीं माणसें व चारपर्यंत मुलें एका कार्डावर जाऊं शकतात. मोठ्यांस भाड्यांत एक तृतीयांश सूट मिळते, मुलांस मुलांच्या भाड्यांत शेंकडा साठ. मंडळींत निदान एक मूल असलेंच पाहिजे, आणि लंडन व त्याच्या भोंवतालच्या प्रदेशांत कामाच्या दिवशीं सकाळच्या गर्दीच्या वेळीं तें चालत नाहीं, एवढें ध्यानांत ठेवावें. उदाहरणार्थ, एखाद्या पल्ल्याचें मोठ्या माणसाचें भाडें ६० पौंड धरलें, तर आम्हां सातजणांचे कार्डावांचून ३३० पौंड होतात. कार्डामुळें मोठ्यांचे १६० व मुलांचे ३६, मिळून १९६ पौंड झाले. हा हिशेब आम्हीं मधल्याकडून करवून घेतला. त्यानें उत्तर काढलें व लगेच पुढचा प्रश्नहि काढला, "आजोबा, दादा सोळा वर्षांचा झाल्यावर काय होईल?" मग तो कार्डाच्या दृष्टीनें पांचवा मोठा माणूस होईल आणि त्या कार्डांत मावणार नाहीं. घरांत जी गोष्ट कोणी बोलत नव्हतें ती रेल्वेच्या नियमानें बोलून टाकली, आणि क्षणभर सारेच गप्प झाले.

तिघांस आम्हीं एकेक कोरा कागद दिला व पाहाविशीं वाटतील तीं शहरें लिहावयास सांगितलें. तिन्ही कागद मिळून पंधरा शहरें निघालीं. दक्षिणेच्या ब्रायटनपासून उत्तरेच्या इन्व्हरनेसपर्यंत कोणतेंहि टोंक सुटलें नव्हतें. सतरा रात्रींत पंधरा शहरें म्हणजे रोज सामान बांधणें व रोज सोडणें. त्याला प्रवास न म्हणतां हमाली म्हणावें. म्हणून आम्हीं तीन नियम केले. पहिला, एका शहरीं निदान दोन रात्री मुक्काम. दुसरा, एका बैठकीस चार तासांहून अधिक गाडी नाहीं. तिसरा, प्रत्येक शहरीं अशी एक तरी वस्तु असावी कीं, जी नुसती पाहून न सोडतां मुलांस समजून घेतां येईल. या तीन चाळण्यांतून लंडन, यॉर्क, एडिंबरा, मँचेस्टर व ब्रिस्टल हीं पांच शहरें उरलीं. सहावें ऑक्सफर्ड, तेंहि एकाच रात्रीपुरतें, हा अपवाद आमच्या संस्कृताकरितां मंडळींनीं मोठ्या मनानें मान्य केला.

मधल्याची मात्र समजूत काढावी लागली. स्कॉटलंडच्या डोंगरांत ग्लेनफिनन येथें एकवीस कमानींचा वळणदार पूल आहे. जादूगार मुलाच्या चित्रपटांमुळें तो साऱ्या जगांतील बालकांस ठाऊक झाला आहे. परंतु ग्लासगोहून तेथवर पोहोंचण्यासच पांच तासांच्या जवळपास लागतात, आणि तितकेच परत येण्यास. आम्हीं त्यास नकाशा दाखविला व सांगितलें कीं, आपल्या वाटेवर बेरिक येथें ट्वीड नदीवर रॉबर्ट स्टीफन्सनचा 'रॉयल बॉर्डर ब्रिज' आहे, तो १८५० सालचा, आणि त्यास अठ्ठावीस कमानी आहेत. "म्हणजे सात जास्त," असें तो मनाशीं म्हणाला व त्यानें तह केला. मुलांस नुसतें 'नाहीं' म्हणूं नये. त्या नकाराबरोबर दुसरें कांहीं हातांत द्यावें, हा आमचा जुना अनुभव येथेंहि उपयोगीं पडला.

यानंतर खातेवांटप केलें. वेळापत्रकाचें खातें थोरल्याकडे दिलें. त्यानें एका वहींत प्रत्येक पल्ल्याची गाडी, ती चुकल्यास पुढच्या दोन गाड्या, आणि गाडी बदलावयाची असल्यास त्या स्टेशनाचें नांव लिहावयाचें. सामानाची मोजदाद मधल्याकडे. फलाट शोधणें धाकट्याकडे. कारण तिकडील मोठ्या स्टेशनांत फलाटाचा आंकडा पाटीवर पुष्कळदां गाडी सुटण्यापूर्वीं थोडा वेळच लागतो, आणि तो दिसतांच ओरडून सांगण्याचें काम आठ वर्षांच्या मुलाइतकें उत्साहानें दुसरें कोण करणार? थोरल्यास प्रथम वेळापत्रकाचा कंटाळा आला. तेव्हां आम्हीं त्यास म्हटलें कीं, वेळापत्रक हें सूत्र आहे आणि प्रवास हें त्यावरील भाष्य. सूत्र लहान असतें, पण त्यांतील एक अक्षर चुकलें तर सारें भाष्य भलतीकडे जातें. हें त्यास कितपत पटलें कोण जाणे. पण आठ दिवसांनीं तोच आम्हांस सांगूं लागला कीं, तेथील वेळापत्रक वर्षांतून दोनदां, मे व डिसेंबर महिन्यांत, बदलतें, तेव्हां जुन्या पानावर विसंबूं नये. आणि रविवारीं रुळांची दुरुस्ती निघते, म्हणून लांबचा पल्ला रविवारीं ठेवूं नये. आमचे साही पल्ले त्यानें आठवड्याच्या मधल्या दिवशीं बसविले.

व्यवहाराच्या आणखी चार गोष्टी सांगून टाकतों. विशिष्ट गाडीचें आगाऊ तिकीट पुष्कळ स्वस्त पडतें. तें साधारणतः आठ ते बारा आठवडे आधीं विक्रीस निघतें, पण तें त्याच गाडीस चालतें. तिकिटाबरोबर मेजाभोंवतीच्या चार जागा मागून घ्याव्या; पत्ते, नकाशा व डबा यांस मेज लागतें. सामान ज्याचें त्यानें उचलावयाचें, हमाल नाहीं. म्हणून ज्यास जी पेटी स्वतः दोन पायऱ्या चढवितां येईल तीच त्याची पेटी, असा दंडक घातला. जेवणाविषयीं आमच्या मंडळींस फार काळजी होती. ती फुकट ठरली. शाकाहारी पदार्थांवर तशी खूण असते, आणि अख्खा भाजलेला बटाटा कोठेंहि मिळतो. तथापि आम्हीं प्रत्येक शहरीं स्वयंपाकघर असलेलें बिऱ्हाडच भाड्यानें घेतलें, आणि रात्रीं मुगाची खिचडी व मेतकूट यांवर सर्वांची तृप्ति झाली. मात्र परदेशांतून दूधदुभत्याचे पदार्थ तेथें नेऊं देत नाहींत. सबब साजूक तूप, पेढे, खव्याच्या वड्या घरींच ठेवाव्या.

आतां मार्गाचें वर्णन करूं. लंडनास आम्ही प्रथम तीन रात्री राहिलों, त्या मुख्यतः झोंपेकरितां. मे महिन्यांत तेथील घड्याळ आपल्या मागें साडेचार तास असतें, आणि मुलें पहाटे तीनला उठून खाऊ मागूं लागतात. या दिवसांत फार हिंडूं नये. आमचें बिऱ्हाड किंग्स क्रॉस स्टेशनाजवळ होतें. त्याच्या शेजारींच सेंट पँक्रस. १८६८ साली सुरू झालेल्या त्या स्टेशनाची लोखंडी कमान सुमारें २४० फूट रुंद असून मध्यें एकहि खांब नाहीं. स्टेशनासमोरील लाल विटांचें भव्य हॉटेल ज्यानें रचलें तो जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट हाच आपल्या मुंबई विद्यापीठाच्या दीक्षान्त सभागृहाचा व राजाबाई टॉवरचा रचनाकार. तो हिंदुस्थानांत कधीं आला नाहीं. त्यानें नकाशे लंडनांतून पाठविले. हें सांगतांच मधला म्हणाला, "मग हें आपलेंच घराणें!" मुंबईचें बोरीबंदर वेगळ्या हातचें, फ्रेडरिक स्टीव्हन्सचें, पण दोन्ही इमारती पाहिलेल्या मुलास त्यांचें नातें समजावून द्यावें लागत नाहीं.

लंडनाहून यॉर्क १८८ मैल, सुमारें दोन तासांचा पल्ला. यॉर्कास गांवाभोंवती जुना तट आहे व त्यावरून चालतां येतें. मध्यें मिन्स्टर नांवाचें प्रचंड देवालय आहे, ज्याचें बांधकाम तेराव्या शतकापासून पंधराव्यापर्यंत चाललें. परंतु आम्हीं हें शहर निवडलें तें राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयासाठीं. १९७५ साली उघडलेल्या या संग्रहालयास प्रवेशमूल्य नाहीं. तेथें 'मॅलार्ड' नांवाचें निळें एंजिन आहे; त्यानें ३ जुलै १९३८ रोजीं ताशीं १२६ मैल वेग गांठला, आणि वाफेच्या एंजिनाचा तो उच्चांक आजपर्यंत कोणीं मोडलेला नाहीं. आम्हीं मुलांस 'पाहा' असें न म्हणतां प्रत्येकास एक प्रश्न दिला होता. धाकट्याचा प्रश्न: एंजिनाचें चाक तुझ्याहून किती उंच? मधल्याचा: निमुळतें तोंड कशासाठीं? थोरल्याचा: वाफ पिस्टनास दोन्ही बाजूंनीं कशी ढकलते? तिघेहि चार तास तेथें रमले, आणि उत्तरें शोधतांना एकमेकांचे प्रश्न त्यांनीं आपसांत बदलूनहि घेतले.

यॉर्काहून एडिंबरा अडीच तासांवर आहे. उत्तरेकडे जातांना उजव्या हाताच्या खिडक्या धराव्या, हा आमचा सर्वांस आग्रहाचा सल्ला. प्रथम डार्लिंग्टन लागतें. २७ सप्टेंबर १८२५ रोजीं स्टॉकटन-डार्लिंग्टन मार्गावर वाफेच्या एंजिनानें कोळशाच्या वाघिणींबरोबर माणसेंहि ओढलीं, तो हा मुलूख. त्यानंतर अठ्ठावीस वर्षें पुरीं होण्याच्या आंत, १६ एप्रिल १८५३ रोजीं, बोरीबंदराहून ठाण्यास पहिली प्रवासी गाडी एकवीस मैल धांवली. पुढें डरॅम येथें गाडी उंच पुलावरून जाते आणि उजवीकडे टेंकडीवरील जुनें देवालय सबंध दिसतें. न्यूकॅसलनंतर समुद्र जवळ येतो. बेरिकचा पूल आला तेव्हां मधल्यानें कमानी मोजण्याचा प्रयत्न केला. परंतु ज्या पुलावरून आपण जातों त्याच्या कमानी आपणांस दिसत नाहींत, हा शोध त्यास तेव्हां लागला! या शोधानें तो इतका खूष झाला कीं, ग्लेनफिननचें नांव त्यानें पुन्हां काढलें नाहीं.

एडिंबऱ्यास चार रात्री ठेवल्या होत्या, आणि त्या कमीच पडल्या. स्टेशनाचें नांव वेव्हर्ली, तें सर वॉल्टर स्कॉटच्या कादंबऱ्यांवरून आलें. स्टेशनाबाहेरच त्या ग्रंथकाराचें सुमारें दोनशें फूट उंच स्मारक आहे. त्याच्या २८७ पायऱ्या तिघे चढले, आम्ही खालीं बाकावर बसून त्यांच्या टोप्या मोजीत राहिलों. कादंबरीवरून स्टेशनाचें नांव ठेवणारें शहर आम्हांस तरी दुसरें ठाऊक नाहीं. किल्ल्यावर रविवार सोडून रोज दुपारीं एक वाजतां तोफ होते. ती १८६१ सालापासून आहे. बंदरांतील जहाजांस घड्याळें लावतां यावीं म्हणून ती सुरू झाली. मे महिन्याच्या अखेरीस तेथें रात्रीचे साडेनऊ वाजले तरी उजेड असतो. दिवेलागणीस परवचा म्हणण्याची आमच्या घरची रीत. पण दिवेच लावावे लागत नाहींत तर परवचा केव्हां म्हणावयाचा, असा शास्त्रार्थ धाकट्यानें काढला व तीन दिवस तो जिंकला.

तेथून वीस मिनिटांवर फोर्थ नदीच्या मुखावरील पूल आहे. आमच्या मतें साऱ्या प्रवासांत मुलांस दाखविण्यासारखी याहून मोठी वस्तु नाहीं. १८७९ साली २८ डिसेंबरच्या वादळी रात्रीं जवळच्याच टे नदीवरील पूल गाडीसकट कोसळला व त्या गाडींतील एकहि मनुष्य वांचला नाहीं. त्यानंतर लोकांचा पुलांवरील विश्वासच उडाला. म्हणून जॉन फाउलर व बेंजामिन बेकर यांनीं फोर्थवर असा पूल रचला कीं, पाहणारासहि त्याचें बळ दिसावें. तो १८९० साली पुरा झाला; लांबी ८,०९४ फूट, आणि आजहि त्यावरून रोज गाड्या जातात. २०१५ साली त्यास जागतिक वारशांत स्थान मिळालें. तो उभा कसा राहतो हें लोकांस समजावे म्हणून बेकरनें एक प्रयोग करून दाखविला होता. दोन माणसें खुर्च्यांवर हात पसरून बसलीं, हातांखालीं काठ्यांचे टेंकू, बाहेरच्या टोंकांस विटांचें ओझें, आणि दोघांच्या मधोमध टांगलेल्या फळीवर कैची वातानाबे नांवाचा जपानी एंजिनिअर बसला. आमच्या बिऱ्हाडांत त्याच रात्रीं तो प्रयोग झाला. धाकटे चिरंजीव व थोरला नातू हे दोन खांब, विटांऐवजीं कपड्यांच्या पेट्या, काठ्यांऐवजीं झाडूचे दांडे, आणि वातानाबेच्या जागीं आठ वर्षांचें बाळ. तीनदां पडलें, चौथ्यांदा राहिलें. त्या रात्रीं थोरल्याचा मोबाईल कोठें होता याची त्यास शुद्ध नव्हती.

एडिंबऱ्याहून मँचेस्टरास जातांना आमच्या आखणीची परीक्षा झाली. सव्वातीन तासांची ती वाट डोंगरांतून जाते, आणि कार्लाइलच्या पुढें उजवीकडे सरोवर-प्रांताचे उंचवटे दिसतात. परंतु वाटेंतील एका स्टेशनावर गाडी थांबली ती थांबलीच. बिघाडामुळें ती पुढें जाणार नाहीं, असें सांगून सर्वांस उतरविलें. फलाटावर तीनशें माणसें, पाऊस, आणि पाटीवर गाड्यांच्या वेळा पुसल्या जात होत्या. धाकटे चिरंजीव चौकशीच्या रांगेंत उभे राहिले. इतक्यांत थोरल्यानें वही काढली. त्या पल्ल्याच्या पुढच्या दोन गाड्या त्यानें घरींच लिहून ठेविल्या होत्या. त्यांतील पहिली दुसऱ्या फलाटावरून अकरा मिनिटांनीं सुटणार होती. तो म्हणाला, "काका, रांग सोडा. आपली गाडी रद्द झाली म्हणजे तेंच तिकीट पुढच्या गाडीस चालतें. तूं पेट्या मोज. छोट्या, चार नंबरचा फलाट शोध." सातहि जण त्याच्या शब्दाबरोबर हललों. जिना चढतांना आमची पेटी त्यानेंच घेतली. मँचेस्टरास आम्ही सव्वा तास उशिरा पोहोंचलों. उशिराबद्दल भाड्याचा कांहीं भाग परत मागतां येतो, तो अर्जहि त्यानें त्याच रात्रीं भरला. हिंवाळ्यापासून ज्याचे चार शब्द एका वेळीं ऐकूं आले नव्हते, तो मुलगा त्या दिवशीं घराचा कर्ता झाला होता.

मँचेस्टर व लिव्हरपूल यांमधील लोहमार्ग १५ सप्टेंबर १८३० रोजीं उघडला. दोन शहरांमध्यें केवळ वाफेच्या बळावर वेळापत्रकानें प्रवासी नेणारा हा पहिला मार्ग. त्या उद्घाटनाच्याच दिवशीं विल्यम हस्किसन नांवाचे पार्लमेंटचे सभासद 'रॉकेट' एंजिनाखालीं सांपडून मृत्यु पावले. मँचेस्टरचें मूळचें स्टेशन आज विज्ञान व उद्योग संग्रहालयाचा भाग आहे. त्याच मार्गानें आम्ही एक दिवस लिव्हरपुलास जाऊन आलों. वाटेंत चॅट मॉस नांवाची विस्तीर्ण दलदल लागते. तींत घातलेली भर बुडत जाई, तेव्हां जॉर्ज स्टीफन्सननें झुडपांच्या फांद्या व गवताच्या मोळ्या पसरून त्यांवर मार्ग तरंगता ठेवला. जवळजवळ दोन शतकें झालीं, गाडी अजून त्यावरूनच जाते. मँचेस्टरचा आपल्याशीं असलेला संबंधहि मुलांस सांगितला. अमेरिकेंतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धांत तेथला कापूस बंद झाला, लँकेशायरच्या गिरण्या आपल्याकडील कापसासाठीं आसुसल्या, आणि त्या पैशानें मुंबई एकाएकीं श्रीमंत झाली. मुंबईच्या पुष्कळ मोठ्या इमारतींची मुळें अशीं मँचेस्टरच्या गिरण्यांत आहेत.

लिव्हरपुलाच्या धक्क्यावर आम्हीं तिघांस आणखी एक गोष्ट सांगून ठेवली होती. राजा राममोहन रॉय १८३१ च्या एप्रिलांत याच बंदरीं उतरले. पुढें ते कोठें गेले तें ब्रिस्टलास कळेल, असें म्हणून तो धागा आम्हीं लोंबता ठेविला. मँचेस्टराहून ब्रिस्टल तीन तासांवर आहे. तेथील टेंपल मीड्स स्टेशन ब्रुनेल याच्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेचें. मूळ इमारत १८४० सालची. त्याच ब्रुनेलचें 'ग्रेट ब्रिटन' हें लोखंडी जहाज १८४३ साली येथें पाण्यांत उतरलें, आणि दक्षिण अटलांटिकांतील फॉकलंड बेटांवर पडून राहिलेलें तें १९७० साली ओढून आणून पुन्हां त्याच गोदींत ठेवलें आहे. मुलें तेथें सबंध सकाळ होतीं. दुपारीं स्टेशनापासून चालत आम्ही आर्नोस व्हेल दफनभूमींत गेलों. २७ सप्टेंबर १८३३ रोजीं राममोहन ब्रिस्टलजवळ निवर्तले. १८४३ साली द्वारकानाथ ठाकुरांनीं त्यांच्या अस्थि येथें आणवून वर आपल्याकडील पद्धतीची दगडी छत्री उभारविली. गवताळ उतारावर ती छत्री दुरूनच ओळखूं येते. तेथें वाऱ्यावांचून दुसरा आवाज नव्हता. थोरल्यानें विचारलें, "आजोबा, ते घरीं परत गेलेच नाहींत?" आम्हीं म्हटलें, "नाहीं; पण त्यांचें घर त्यांना शोधीत येथवर आलें." यावर तो कांहीं बोलला नाहीं. परत येतांना मात्र त्यानें धाकट्याचा हात धरला होता.

ब्रिस्टलाहून ऑक्सफर्डास जातांना बाथ लागतें, व बाथच्या पुढें ब्रुनेलचा १८४१ सालचा बॉक्स बोगदा, सुमारें १.८ मैलांचा. डिडकॉट येथें गाडी बदलावी लागते. त्या पल्ल्यांत आम्हीं एक दृश्य पाहिलें. थोरल्यानें वही मेजावर उघडी ठेवून धाकट्यास चोवीस तासांचें घड्याळ शिकविलें. सतरा म्हणजे पांच, एकोणीस म्हणजे सात. मग म्हणाला, "आतां डिडकॉटची गाडी तूं काढ. पुढल्या वेळीं मी नसेन." धाकट्यानें बोट फिरवीत गाडी काढली, ती बरोबर निघाली. समोर बसलेल्या आमच्या मंडळींनीं खिडकीकडे तोंड फिरविलें.

ऑक्सफर्डविषयीं आम्ही थोडक्यांत लिहितों. नाहीं तर आमचा हात थांबणार नाहीं. तेथें १८३२ साली संस्कृताचें बोडेन अध्यासन स्थापन झालें. १८६० साली त्या जागेसाठीं निवडणूक झाली. सायणभाष्यासह ऋग्वेद छापणारे मॅक्स म्यूलर तींत पराभूत झाले, आणि निवडून आलेले मोनिअर विल्यम्स हे तर मुंबईंत जन्मलेले. त्यांच्याच खटपटीनें उभारलेल्या 'इंडियन इन्स्टिट्यूट'च्या इमारतीवर वाऱ्याची दिशा दाखविणारा हत्ती आहे. आज ती इमारत दुसऱ्या उपयोगास लाविली आहे, पण हत्ती वाऱ्याबरोबर फिरतो आहे. विल्यम्सांचा कोश १८७२ चा, आपल्या वामन शिवराम आपट्यांचा १८९० चा. शाळेंत असतां आम्हीं दोन्ही झिजविले. नातवांनीं या अध्यायांत हत्ती तेवढा लक्षांत ठेवला. तेवढा पुरे आहे.

ऑक्सफर्डाहून लंडनचें पॅडिंग्टन स्टेशन एका तासावर. जगांतील पहिली भुयारी रेल्वे १० जानेवारी १८६३ रोजीं पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन अशी सुरू झाली, म्हणून शेवटचा पल्ला त्या भुयारांतूनच केला. पॅडिंग्टनपासून थोड्या चालीवर हौली प्लेस नांवाची शांत गल्ली आहे. तेथील दहा क्रमांकाच्या घरावर निळी पाटी आहे. लोकमान्य टिळक १९१८-१९ साली त्या घरांत राहत होते. चिरोल खटल्यासाठीं ते विलायतेस आले होते. दुसऱ्या दिवशीं किंग हेन्रीज रोडवरील घर पाहिलें, विद्यार्थिदशेंत डॉ. आंबेडकर १९२१-२२ साली तेथें राहिले, आणि २०१५ साली तें महाराष्ट्र सरकारनें विकत घेतलें. दोन्ही घरें साधीं आहेत. घरापासून दूर राहून माणसें कशीं काम करितात, हें पुस्तकापेक्षां अशा दारापुढें उभें राहून मुलांस लवकर समजतें.

असो. सतरा रात्री, सहा शहरें आणि सहा पल्ले एवढा हा प्रवास. कांहीं स्नेही म्हणतात कीं, इतके पैसे घालून तुम्हीं वेल्स पाहिलें नाहीं, इन्व्हरनेस पाहिलें नाहीं. हें खरें आहे. पण ज्या पंधरा शहरांपैकीं नऊ सोडलीं, त्यांच्या जागीं मुलांनीं एक पूल स्वतःच्या हातांनीं उभा केला व एक अडलेली गाडी सोडविली. तुमच्या घरांत चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा असेल व तिघे-चौघे भावंडें अजून एका पंक्तीस जेवत असतील, तर ब्रिटन नसो, पंढरपूर असो, पण बेत पुढल्या वर्षावर टाकूं नका. आणि वेळापत्रक त्या मुलाच्या हातीं द्या.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यांत थोरल्या चिरंजिवांचें बिऱ्हाड बंगळूरास गेलें. ती वही तिकडे गेली नाहीं. निघतांना थोरल्यानें ती धाकट्याच्या दप्तरांत ठेवली. आणि तिच्या कोऱ्या पानांवर बंगळूराहून येथवर येणाऱ्या सर्व गाड्यांच्या वेळा, प्रत्येकीच्या पुढच्या दोन गाड्यांसकट, त्याच्या हस्ताक्षरांत लिहिलेल्या आहेत. दिवाळीची सुटी केव्हां लागते, हें धाकटा आम्हांस रोज विचारीत असतो.